शिवेवर राखलेला घास

बायाबद्दल गेणूला खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. ती मूळची कुठल्या वाडीची, तिचा नवरा कशानं गेला, तिला भाऊबहिणी होत्या की नव्हत्या, यातलं काही त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. जीपच्या आरशात मागच्या बाकड्याचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढीच बाया त्याला दिसलेली. कपाळावर गोंदण, कडक उन्हातही डोक्यावर पदर, आणि मांडीवर नात. बाया मागच्या दिवाळीआधी तापानं गेली. तिच्यामागं पवनानगरच्या जीप स्टँडवर बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं, बाई लय हट्टी होती. कोणी म्हणालं, वाडीची रीत मोडली तिनं. गेणू तिथंच बॉनेटला टेकून उभा होता. हट्टी होती हे त्यालाही मान्य होतं. पण कशापायी हट्टी, हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्याइतकं पाहिलेला तिथं तो एकटाच होता. तरी त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

तो होताच तसा. तिकोणा पेठेचा गेणू, घरची शेती मुलाच्या, सत्यमच्या हाती देऊन पवनानगर ते लोणावळा जीप चालवायचा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडे. जीपचं मागलं दार नीट लागत नसे, ते जोरात ओढावं लागे. त्यामुळं दिवसभरात त्याचं ठरलेलं एकच वाक्य असे, "दार जोरात ओढा." बाकी गाडीचा खुळखुळाट काय बोलेल ते. लोक म्हणत, गेणूभाऊची गाडी बोलती, गेणूभाऊ न्हाई.

बाया धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर राहायची. कुडाची दहाबारा घरं. मुलगा उमेश आणि सून बबिता दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात ते पावसाच्या तोंडावर परत येत. त्यांची लेक छकुली बायाकडंच असे. गेणूच्या सत्यमनं तळ्याकाठी पर्यटकांसाठी तंबू लावले होते. तिथं शनिवार-रविवारी बाया चुलीवर भाकऱ्या थापायला येई, आणि पोर तिच्या पदराला धरून भांड्यांत खेळत बसे.

छकुली जन्मली तेव्हा तिच्या आतड्याच्या शेवटच्या टोकात जीवच नव्हता. शी पुढं सरकेना, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून आतड्याला बाहेर वाट करून दिली. पुढं दुसऱ्या ऑपरेशनात निकामी भाग काढून चांगलं आतडं खाली जोडलं. आता शेवटचं तेवढं राहिलं होतं. पोटावरची वाट बंद करायची, म्हणजे पोर चारचौघांसारखी परसाकडं जाईल. तोवर बाया तिच्या पोटावर जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या बांधायची, दर थोड्या वेळानं सोडायची, धुवायची, खोबरेल लावायची, पुन्हा बांधायची. गाडीत बसली की आधी खिडकीची जागा धरायची, म्हणजे वासाचा कोणाला त्रास नको. तरीही कोणी नाक मुरडलंच, तर त्याच्याकडं टक लावून बघायची. बहुतेक माणसं मग पुढच्या थांब्यापर्यंत डोंगर बघत बसत.

जूनमध्ये छकुली पहिलीत जायची होती. बालवाडीत पोरं तिला नाक धरून दाखवायची, म्हणून तिनं तिथं जायचं सोडलं होतं. बायानं मनाशी धरलं होतं, पोर शाळेत जाईल ती पोट बंद करूनच. लोणावळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मुंबईहून लहान मुलांचे सर्जन महिन्यातून एकदा यायचे. पावसाळ्यात मात्र त्यांचं येणं बंद. म्हणजे जे व्हायचं ते पावसाआधी.

पहिली तारीख शिमग्यानंतरची मिळाली. गेणूची जीप वाडीच्या शिवेपर्यंत जाते, तिथं रस्ताच संपतो. शिवेवर शेंदूर लावलेला धोंडा आहे आणि बाजूला उंबर. त्या वाडीची एक रीत आहे. शीव ओलांडून लांब जाणाऱ्याला घरटी एकेक घास भरवायचा. नाचणीच्या भाकरीचा तुकडा, वर गुळाचा खडा. रिकाम्या पोटी शीव ओलांडली तर माती माणसाला विसरते आणि माणूस परत येत नाही, असं तिथली माणसं मानतात. भट्टीवर जाणाऱ्यांना असाच घास मिळतो. त्या सकाळी छकुलीलाही मिळाला, घरटी एक. पहिला घास बायानं स्वतःच्या हातानं भरवला. गेणू स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होता. त्याच्या गावातही निघताना हातावर दही देतात, त्याला त्यात नवल वाटलं नाही.

दवाखान्यात माधवी सिस्टरनं विचारलं, "आजी, कालपासून नुसतं दूध-पाणीच दिलंत ना? खायला काही दिलं नाही?"

बाया म्हणाली, "न्हाई बा."

ती खोटं बोलली नाही. शिवेवरच्या घासाला त्या वाडीत खाणं म्हणतच नाहीत. देवाला दिवा लावला म्हणून कोणी चूल पेटवली म्हणत नाही, तसंच ते.

पण आतड्याला रीतभात कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आतडं धुवायला घेतलं तर पाण्याबरोबर नाचणीच्या सालपटाचे तांबडे कण येऊ लागले. धुतलं की पुन्हा येत. सर्जननी पाहिलं आणि ऑपरेशन पुढं ढकललं.

हे सगळं गेणूला परतीच्या वाटेवर कळलं. दुधिवरे खिंडीपर्यंत बाया बाहेर बघत होती. उतार लागला तशी ती आरशाकडं बघून म्हणाली, "भाऊ, घास म्हंजी खाणं व्हय?"

गेणू गडबडला. इतक्या दिवसांत तिनं त्याला सवाल असा पहिल्यांदाच केला होता. त्यानं गिअर बदलला.

"सिस्टर वरडली न्हाई," बाया आपल्याशीच बोलत राहिली. "वरडली असती तर बरं व्हतं. हाताला धरून समजावलंन मला. म्हनली, आजी, आतडं शिवायचं म्हंजी आदी ते आतनं लख्ख पायजे. कन ऱ्हायला तर टाकं पिकत्यात, सांदा सुटतो, पोटात घान पसरती. पोर हातची जाती." शेवटी ती म्हणाली, "म्हंजी माज्या हातानं भरवला मी तिला, घास."

त्यानंतर ती हे कधी बोलली नाही. पण दुसरी तारीख मिळाली तेव्हापासून तिनं जी कंबर कसली, ती गेणूनं पाहिली.

तारीख मे महिन्यातली. पावसाआधीची शेवटची. सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, आधी दोन दिवस भाकरी, भाजी, फळ काही नको, दुधाबिधाचं हलकं चालेल. मग आदल्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं आणि तेव्हापासून ज्यातून आरपार दिसतं तेवढंच पाजायचं. साखरपाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत. बायानं हे गाडीत बसल्या बसल्या गेणूला इतक्या वेळा म्हणून दाखवलं की त्यालाही पाठ झालं.

एका रात्री जेवताना सत्यम म्हणाला, "आबा, बायामावशीला झालंय काय? चुलीवर ढीगभर भाकरी थापते, आणि स्वतः कण तोंडात घालत नाही."

"आजारी हाय का?"

"आजारी कसली. मी विचारलं तर म्हणते, पोरीला मिळत न्हाई ते मी कशी खाऊ, तिचं डोळं फिरत्यात माज्या तोंडाकडं. दोघी साखरपाणी पिऊन बसल्यात. पाहुण्यांची चिकनची पातेली पोरीच्या नाकाखालून जातात, आणि पोरगी चुलीकडं पाठ करून दगड मोजते. मी म्हटलं सुट्टी घे, तर म्हणते, घरी बसलं की पोर भूकच मोजती. हितं दगडं तरी हायेत."

गेणूनं आपलं ताट पुढं सरकवलं. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

निघायच्या सकाळी जीप शिवेवर उभी राहिली तेव्हा उंबराखाली सगळी वाडी गोळा झाली होती. बायकांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. सगळ्यांपुढं नवसू, बायाचा थोरला दीर. वाडीत त्याचा शब्द शेवटचा. बाया छकुलीला कडेवर घेऊन आली आणि थेट जीपकडं निघाली.

"बाया," नवसू म्हणाला, "पोरगी रिकाम्या पोटानं चाललीय."

"व्हय."

"शीव हाय ही."

"दिसतीया मला, भावजी. हितंच केस पिकलं."

"दवाखान्याला काय कळतंय आपलं? कनभर घाल तोंडात. कन म्हंजी काय खाणं न्हाई."

"मागल्या टायमाला मी बी तेच म्हनलं व्हतं."

नवसूनं वाट सोडली नाही. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सनी असाच गेल्ता. घाई हाय म्हनला, गाडी सुटंल म्हनला. घास घेतला न्हाई." त्याचा लेक सनी हायवेच्या कामावर गेला होता आणि तिथंच गाडीखाली आला होता. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे खाली बघू लागले.

गेणूला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर हार मानेल. त्यानं इंजिन बंद केलं.

बायानं छकुलीला खाली ठेवलं आणि नवसूच्या समोर उभी राहिली. "सनी माज्या बी मांडीवर वाढला, भावजी. मी त्याला इसरले न्हाई आनि घासाला बी न्हाई. घास नगं असं मी म्हनलंच न्हाई. द्या. पर आज न्हाई. राखून ठिवा. पोर मागारी येईल तवा हितंच, शिवेवरच भरवा. प्रत्येक घराकडं तिचा एक घास ऱ्हाईल. घास बाकी ऱ्हायला तर माती इसरंल कशी? तिला यावंच लागंल की."

नवसू धोंड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आनि तू? तू बी उपाशीच दिसतीस."

"माजा बी ठिवा."

मागून एक म्हातारी म्हणाली, "हिचा घास राखायचा म्हंजी अख्खी भाकर लागंल." बायका हसल्या. नवसू हसला नाही, पण बाजूला झाला. हातातला भाकरीचा तुकडा त्यानं धोतराच्या सोग्यात बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

गाडीत बसताना बाया गेणूला म्हणाली, "चला भाऊ. आता थांबू नका कुटं."

थांबावं लागलंच. पुढच्या फाट्यावर धोंडाबाई करवंदांची पाटी घेऊन चढली, लोणावळ्याला पर्यटकांना विकायला. आणखी तिघंचौघं बसले. एकाच्या हातात कागदात बांधलेले वडे. सगळ्या गाडीत तेलाचा आणि करवंदांचा वास दाटला. छकुली बायाच्या मांडीवर, आणि पाटी बाकड्यावर, पोरीच्या कोपराला लागून.

खिंड चढताना गेणूनं आरशात पाहिलं, तर छकुलीचा एक गाल फुगलेला. बाया खिडकीबाहेर बघत होती. गाडी भरलेली, सगळ्यांसमोर बोलायचं. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं गाडीच कडेला घेतली.

"मावशी," तो म्हणाला, "पोरीच्या तोंडात काय हाय बगा."

बायानं क्षणाचा वेळ घालवला नाही. पोरीचे गाल दाबले, बोट घातलं, आणि चावलेलं करवंद बीसकट बाहेर काढलं. छकुलीनं बोटाला कडकडून चावा घेतला, मग गाडी डोक्यावर घेतली. बायाच्या बोटावर रक्त होतं की करवंदाचा रस, ते कळत नव्हतं.

"आगं, एका करवंदानं काय व्हतंय?" धोंडाबाई म्हणाली. "किती ते पोरीला रडवतीस."

"माज्या पाटीतलं आसतं तर मी पाटी दरीत लोटली आसती," बाया म्हणाली. "तुजी हाय म्हनून वाचली."

"बग कशी बोलती. लोटून तर बग."

गेणू मागं वळला. नंतर कित्येक दिवस त्याला स्वतःलाच याचं नवल वाटत राहिलं, पण तो वळला आणि म्हणाला, "धोंडाबाई, पाटी फुडं माज्याजवळ द्या. आनि आता लोनावळा येस्तवर गाडीत कुनी काय खायचं न्हाई."

वडेवाल्यानं उघडलेला कागद पुन्हा गुंडाळला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "गेणूभाऊ बोललं रं." धोंडाबाईनं पाटी पुढं दिली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. थोड्या वेळानं तिनंच छकुलीला टाळ्यांचा खेळ शिकवायला घेतला, तो लोणावळा येईपर्यंत चालला.

दवाखान्याच्या दाराशी उतरवून गेणू परत फिरणार होता. पण बायाच्या दोन्ही हातांत पोर आणि बोचकं, म्हणून तो बोचकं घेऊन वॉर्डापर्यंत गेला. माधवी सिस्टरनं त्याच्याकडं पाहून विचारलं, "तुम्ही आजोबा का?"

"न्हाई. मी डायवर."

"बरं. आजी, आता नीट सांगा. काल परवापासून पोटात काय काय गेलं?"

बाया ताठ बसली आणि सांगू लागली. परवाचं साखरेचं दूध, कालचं साखरपाणी, सकाळचं नारळपाणी, ते कोणत्या नारळाचं. "आनि आज वाटंत करवंदाचा रस," ती म्हणाली. "बी गेली न्हाई. बी हितं हाय." तिनं पदराची गाठ सोडली आणि चावलेलं करवंद सिस्टरच्या समोर धरलं.

सिस्टरनं ते वाकून नीट पाहिलं. हसली नाही. "रसाचं काही नाही," ती म्हणाली. "पण सांगितलंत ते फार बरं केलंत."

मग खरं काम सुरू झालं. पावडर पाण्यात कालवून मोठा जग भरून आला. थोडं थोडं करत तो सगळा छकुलीच्या पोटात जायला हवा होता, म्हणजे आतडं आपलं आपण रिकामं होईल. शरीरातलं पाणी कमी पडू नये म्हणून हाताला सलाईन लावलं होतं. पहिला घोट घेताच पोरीनं तोंड वाकडं केलं. खारट. दुसरा घोट तिनं बायाच्या लुगड्यावर उडवला. तिसऱ्या वेळी तिनं दातच मिटले.

"प्यायली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," सिस्टर म्हणाली. "तशी वाईट नाही ती. पण एवढ्या पोरीला धरून ठेवावं लागतं."

"थोडं थांबा," बाया म्हणाली. तिनं बोचक्यातून तीन स्टीलचे पेले काढले. एकात औषध ओतलं, दोहोंत साधं पाणी. एक पेला तिनं गेणूच्या हातात दिला. "भाऊ, बसा हितं."

"मी?"

"मग काय त्या खाटल्याला सांगू? बसा."

गेणू खाटेच्या कडेला टेकला. बायानं पेला उंच धरला. "छकुले, तळ्यावरची मानसं काय करत्यात गं सांजच्याला? पेलं कसं भिडवत्यात?"

छकुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती विसरली. तंबूंवर येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे ग्लासाला ग्लास भिडवून काहीतरी म्हणतात, हे ती दर शनिवारी-रविवारी झाडामागून बघायची. तिनं पेला उचलला आणि पाहुण्यांसारखी मान तिरपी केली. "चेस," ती म्हणाली.

"चेस," बाया म्हणाली. दोघींनी गेणूकडं पाहिलं.

वॉर्डात सगळ्या खाटांवर माणसं. एका बाईनं तर मान उंचावून पाहिलं. गेणूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं पेला पुढं केला आणि पुटपुटला, "चेस."

"मोट्यानं," छकुली म्हणाली.

"चेस," गेणू म्हणाला.

पोरगी गटकन प्यायली. लगेच तोंड वाकडं करून म्हणाली, "आरं, कडक हाय." हेही तिनं पाहुण्यांकडूनच उचललं होतं. सिस्टर तोंड फिरवून खिडकीकडं गेली, तिचे खांदे हलत होते.

जग संपेपर्यंत गेणू तिथं बसला. त्याच्या पुढच्या फेऱ्या दुसऱ्या जीपवाल्यानं केल्या. पाणी पिऊन पिऊन त्याचं पोट डब्ब झालं. मध्ये पोर हटून बसली तेव्हा बायानं आवाज चढवला नाही, गोडही बोलली नाही. पेला तसाच धरून बसली, हात भरून आला तरी. पोरीनं बघितलं की आजी हलत नाही, तेव्हा पेला घेतला.

दुपार कलल्यावर सिस्टर पोटावरच्या वाटेतून कोमट मिठाचं पाणी सोडून आतडं धुवू लागली. वाटेचं वरचं तोंड, मग खालचं तोंड. गेणू खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीमागं पाणी आत जाई, बाहेर येई. पिवळट आलं. गढूळ आलं. मग सिस्टर म्हणाली, "झालं आजी. स्वच्छ आलं."

"उजेडाला धरा," बाया म्हणाली.

"अहो, स्वच्छच आहे."

"मागल्या टायमाला मला माजा हात बी स्वच्छच वाटला व्हता. धरा उजेडाला."

सिस्टरनं भांडं खिडकीपाशी आणलं. गेणूलाही मग बघावंच लागलं. भांड्याचा तळ दिसत होता, त्यावरचा पुसट ओरखडासुद्धा. कण नाही, रंग नाही. आत गेलं तसंच बाहेर आलेलं. बायानं दोन्ही बाजूंनी पाहिलं. "अजून एकडाव करा," ती म्हणाली.

सिस्टरनं अजून एकदा केलं.

संध्याकाळी उमेश भट्टीवरून थेट दवाखान्यात पोचला. कपड्यांवर विटांची धूळ. त्याला बघून गेणू उठला. बायानं गेणूला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. ती पोरीच्या पायांना तेल लावत होती.

दुसऱ्या दिवशी गेणूनं पहिली फेरी केली आणि गाडी स्टँडला न लावता दवाखान्याच्या भिंतीशी लावली. आत जाऊन विचारायचं त्याला धाडस होईना. आपण कोण? डायवर. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. ऊन चढलं. चहावाला येऊन गेला. शेवटी बाया फाटकातून बाहेर आली, इकडंतिकडं बघितलं, आणि जीप दिसताच सरळ त्याच्या खिडकीशी आली.

"शिवलं," ती म्हणाली.

एवढंच. मग ती गाडीच्या पायरीवर बसली आणि चहावाल्याला हाक मारली. तिनं चहात पाव बुडवून खाल्ला, तेव्हा गेणूनं नजर दुसरीकडं वळवली, कारण ती हावरटासारखी खात होती.

पुढचं सगळं तिनं परतीच्या दिवशी भर गाडीत सांगितलं, न लाजता. "शिवलं तरी सायेब म्हनायचं, आतडं चालू झालं तर खरं. हितं व्हतं तवर येऊन इचारायचं, पादली का? येवडा शिकल्याला मानूस, मुंबईचा. मुंबईला गेल्यावर रोज फोनवरनं सिस्टरला इचारायचं. अख्खा वॉर्ड कान लावून बसलेला. आनि एका सकाळी पोरीनं असा बार काडला, शेजारच्या खाटंवरची बाई म्हनली, आगं माज्या आई. सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. मग दोन दिसांनी शी झाली. खालनं. आपली आपन." गाडी हसून हसून डुलत होती. छकुली खिडकीशी बसली होती, पोटावर छोटी पट्टी, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक म्हशीला हात करत होती.

शिवेवर जीप थांबली तेव्हा वाडी उंबराखाली होती. सिस्टरनं मऊ खायला परवानगी दिली होती, तेही थोडं थोडं. नवसूनं ताजी भाकरी दुधात कुस्करून आणली होती. पण आधी त्यानं सोग्याची गाठ सोडली. त्या दिवशीचा तुकडा आत वाळून खडा झाला होता. तो त्यानं धोंड्यापुढं ठेवला. मग वाटीतून पहिला घास उचलला.

"इवलासा, भावजी," बाया म्हणाली. "चिमनीयेवडा."

घास भरवताना दूध छकुलीच्या हनुवटीवरून ओघळलं. मग एकेक घर आलं. प्रत्येक घासाआधी बायाचं चाललेलं, "इवलासा. इवलासा." शेवटी नवसू अख्खी भाकरी घेऊन तिच्यासमोर आला आणि म्हणाला, "हा तुजा." त्या म्हातारीनं मागून, "म्हनलं व्हतं मी," असं सुनावलं. बायानं तिथंच, शिवेवर, मांडी घालून ती भाकरी संपवली.

पुढं जूनमध्ये छकुली शाळेत गेली. रीत मात्र त्या वाडीत आता जराशी बदलली आहे. दवाखान्यात जाणाऱ्याचा घास राखून ठेवतात आणि परत आला की भरवतात. वाडीची रीत मोडली म्हणून बायाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा उंबराखाली जाऊन बघावं, असं गेणूला वाटतं. त्या दिवशी स्टँडवर हे तो बोलला असता तर बरं झालं असतं. पण माणूस आहे तसाच असतो.

त्यानं तिला शेवटचं पाहिलं ते भाद्रपद सरताना. ती पवनानगरहून वाडीला निघाली होती. हातात पोरीसाठी घेतलेली पाटीची पेन्सिल, बोचक्यात तांदूळ. किंचित खोकत होती. गाडीत तिच्याशिवाय दोघंतिघंच. ती मागं चढली आणि नेहमीच्या खिडकीशी बसली, आता त्याची काही गरज नव्हती तरी.

गेणूनं आरशात पाहिलं. छकुली कशी आहे, शाळेत काय शिकते, खोकल्यावर काही घेतलं का, असं बरंच त्याच्या मनात आलं.

"मावशी," तो म्हणाला, "दार जोरात ओढा."

"वडलंय, भाऊ. चला."